डावी बाजू

गाडीला हादरा बसला तो अगदी लहान होता. पुढचं डावं चाक किंचित उचललं गेलं आणि खाली आलं, मग मागचंही तसंच. माझ्या मांडीवरच्या डब्यातल्या भाकऱ्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. ह्यांनी पाय ब्रेकवर नेला, पण दाबला नाही. "काय होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दगड होता." गाडी होटगीच्या रस्त्यानं तशीच पुढे गेली. पंचाहत्तर सालच्या जानेवारीतली, सकाळी नवाच्या सुमाराची ही गोष्ट. आता मी ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे रिक्षानं जाते तेव्हा सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या अलीकडे रिक्षा स्पीडब्रेकरवर उचलली जाते आणि माझ्या तोंडात तो शब्द आपोआप तयार होतो. रिक्षावाला तरणा असतो, त्याला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत असतं, त्यानं मला काही विचारलेलं नसतं. तरी मी तो शब्द गिळते.

गाडीसाठी ह्यांनी नंबर लावला सदुसष्ट साली. अँबॅसिडरच घ्यायची, कारण घरात तेव्हा सात माणसं होती आणि सातही एका वेळी बसली पाहिजेत असा ह्यांचा हट्ट. ह्यांना, म्हणजे हिंदुराव कंत्राटदारांना, लोक ओळखायचे ते रस्त्यांमुळे. मोहोळकडच्या एका कोरडवाहू गावातून ते वयाच्या चौदाव्या वर्षी खडी फोडायला बाहेर पडले आणि चाळिशीला येईपर्यंत सोलापूरच्या चहूबाजूंना त्यांनी मैलोगणती रस्ते केले. गाडी यायला सहा वर्षं लागली. तेवढ्यात सासरे गेले, धाकटे दीर वेगळे होऊन बार्शीला राहिले, नणंद सासरी गेली, आमच्या रंभाचं लग्न विजापूरला ठरलं. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर हे पुण्याहून गाडी घेऊन आले तेव्हा दारात ओवाळायला मी होते आणि भाकरतुकडा टाकायला सासूबाई. फिकट निळी, नव्या लुगड्यासारखी कोरी गाडी. आतून रेक्झिनचा आणि उन्हाचा वास यायचा. पुढची सीटही बाकासारखी सलग, गिअरचा दांडा स्टेअरिंगखालीच, त्यामुळे दोघांच्या मध्ये एखादं मूल सहज मावलं असतं. मागे तर पंगत बसली असती. सासूबाई मागच्या सीटवर चढून बसल्या, दोन्ही बाजूंना हात पसरून बघितले, हात कुठंच टेकेनात.

"येवढं मोठं धूड आनलंस हिंदुराव, ह्यात काय कडबा भरायचा व्हय?"

"माणसं बसायची, आई."

"कुटं हायत माणसं? म्हस घेतली असतीस तर दूद तरी दिलं असतं."

हे हसले. त्या दिवशी ते मोकळे हसत होते. डाव्या मडगार्डला पोचा आला होता, तो मी हळदकुंकू लावताना पाहिला. टेंभुर्णीजवळ बैलगाडीवाला आडवा आला म्हणाले. मी त्याच्यावर हळदीचं बोट ओढलं. पण माझ्या मनात एकेक गोष्ट जुळत चालली होती. ताटाच्या डावीकडचा पेला ह्यांच्या हातून वरचेवर लवंडायचा. चौकटीला खांदा लागायचा. समोरची व्यक्ती दिसायची, तिच्या शेजारची दिसायची नाही. रंभाच्या लग्नात त्यांच्या सख्ख्या मामानं डावीकडून भेटायला पुढे यावं तर हे पुढेच चालू लागले, आणि मामा वर्षभर रुसले.

लग्न उरकल्यावर आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली किती दिवस उरेल ते सांगता येत नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसेल आणि नळी बारीक होत जाईल. थेंब लिहून दिले. परतीच्या आगगाडीत हे खिडकीशी बसले होते आणि बाहेर बघत होते, म्हणजे तोंड बाहेर होतं. कुर्डुवाडी आल्यावर म्हणाले, "हे घराबाहेर जाता कामा नये. आईलासुद्धा नाही." मी म्हटलं, एखादा ड्रायव्हर ठेवू. "ड्रायव्हर आठ दिवसांत ओळखील, नवव्या दिवशी सगळ्या नव्या पेठेला माहीत होईल. ज्याला दिसत नाही त्याच्या रस्त्याचं माप कोण खरं धरील? आणि जो गाडी चालवतो त्याला दिसतं, एवढंच लोकांना कळतं." बाईच्या जन्माला येऊन एवढं तर कळलं होतं की पुरुषाला भीती वाटते तेव्हा तो हुकूम करतो.

त्यानंतर ती गाडी आम्ही दोघं मिळून चालवू लागलो. अशी कुणी कधी चालवली असेल असं मला वाटत नाही. उजवीकडचं ते मान वळवून सांभाळायचे, समोरचं त्यांच्या नळीत यायचं, डावी बाजू माझी. पहिल्या दिवशी सोलापुरातच, विजापूर वेशीत, मी म्हणाले, "अहो, डाव्या हाताला एक सायकलवाला येतोय बघा हं." तोवर सायकलवाला मागे पडला होता. "एवढं लांबण नको," ते म्हणाले, "नुसतं नाव घे." मग मी नुसती नावं घेऊ लागले. सायकल. टांगा. म्हातारी. पोर. म्हैस. लांबच्याला नुसतं नाव, जवळच्याला नाव दोनदा, आणि काहीच नसलं तर, "मोकळं." हे उत्तर द्यायचे नाहीत. चाक तेवढं वळायचं. मी साइटवर रोज का जाते याला कारण हवं होतं, म्हणून ह्यांना दुपारची ताजी भाकरीच लागते असं आम्ही पसरवलं आणि मी डबा मांडीवर घेऊन बसू लागले. ओव्हरसियर सिद्रामप्पा मला बघून म्हणायचा, "वहिनी, साहेबांना कोण पळवून न्यायलंय काय? एक दिवस सोडा की आमच्याकडं." मजूरबाया तोंडाला पदर लावायच्या. मी पण हसायचे. हे खडीच्या थराकडे तोंड करून उभे असायचे आणि बोटांनी चाचपून सांगायचे, इथं दीड इंची खडी कमी पडलीय, इथं मुरूम ओला आहे. बोटांना सगळं कळायचं. पायांना कळायचं. चालत्या गाडीत चाकाखालून ते रस्ता वाचायचे. कुठं डांबर नवं आहे, कुठं साइडपट्टी खचलीय, हा आपला रस्ता, हा दुसऱ्याचा. त्यांनी सबंध आयुष्य दगडाबरोबर काढलं होतं, आणि हे मला त्या दिवशी आठवायला हवं होतं.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, ती लिहून ठेवते. ते दहा महिने मी सुखात होते. घरात मी बोलायला लागले की ह्यांचा हात ट्रान्झिस्टरकडे जायचा. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या म्हणण्यावरून एक खुर्ची इकडची तिकडे झाली नव्हती. आणि इथं मी "म्हैस" म्हणाले की एवढी मोठी गाडी, तो सबंध निळा पत्रा, उजवीकडे सरकायचा. मी "मोकळं" म्हणाले की ते निःशंक पाय दाबायचे. पुढच्या तिकोनी काचेतून वारा माझ्या तोंडावर यायचा आणि मला वाटायचं, हा रस्ता मी एकेक शब्दानं पुढे अंथरत चालले आहे. थेंब घालायला मी एकदाही विसरले नाही. पण आठ महिन्यांनी मिरजेच्या डॉक्टरांनी नळी आणखी बारीक झाल्याचं सांगितलं, तेव्हा मला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. तिथंच, तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, हे मला समजलं. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझा हात त्यांना कसा लागला असेल कोण जाणे.

त्या सकाळी होटगीच्या तलावाला पाणी होतं. बहात्तरच्या दुष्काळात तो तळापर्यंत भेगाळलेला मी पाहिला होता. त्याच्या गाळात ह्यांचे मजूर काम करत होते. आता पाणी लांबवर पसरलं होतं आणि पाण्याच्या कडेला करकोचे उतरले होते, शेकड्यांनी, राखाडी, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. दहा महिन्यांत मी स्वतःसाठी काहीही बघितलं नव्हतं. जे बघायचं ते लगेच ह्यांना देऊन टाकायचं, बघणं म्हणजे देणं, असं झालं होतं. करकोच्यांचं नाव घ्यायची गरज नव्हती, ते रस्त्यावर नव्हते. म्हणून मी ते कुणाला न देता बघितले. एक पक्षी पंख उघडून नुसताच उभा होता, उडायचं का नाही ते ठरत नसल्यासारखा. आणि हादरा बसला. मी मागे वळले. मागच्या काचेतून, धुळीतून, रस्त्याच्या कडेला पांढरं कोकरू पडलेलं दिसलं. डाव्या माळावर मेंढरांचा कळप होता आणि कळपातून लाल लुगड्यातली एक धनगरीण हात वर करून धावत येत होती. तिचं तोंड उघडं होतं. काच बंद होती, आवाज आला नाही.

दगड का म्हणाले? थांबलो असतो तर हे उतरले असते, माणसं जमली असती, आणि हे भलत्याच माणसाकडे तोंड करून माफी मागत राहिले असते. पुढे मैलावर त्यांच्याच रोलरची टोळी होती. संध्याकाळपर्यंत सोलापूरला कळलं असतं. हे कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण शब्द तोंडातून निघाला तेव्हा एवढा विचार करायला वेळच नव्हता. तेव्हा मनात एकच होतं, की मी पाखरं बघत होते हे ह्यांना कळू नये.

"बरं," ते म्हणाले. पुढच्या वळणावर मी "बैलगाडी" म्हणाले, तेव्हा म्हणाले, "बैलगाडीच ना?" साइटवर पोचल्यावर ते उतरले, हवा बघतो म्हणून डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवरून तळहात फिरवला, सावकाश, वरून खाली. मग खिशातला रुमाल काढून हात पुसला. रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. तो रुमाल मला धुवायला कधी मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीनं होटगीला गेले. सासूबाईंना सांगितलं, हळदीकुंकवाला जाते. कळप त्याच माळावर होता. लाल लुगड्यातली बाई बाभळीखाली लोकर कातत बसली होती. केराबाई तिचं नाव, सांगोल्याकडची.

"परवा गाडीखाली आलं ते कोकरू तुमचं होतं का?"

तिनं मला पायापासून वर पाहिलं. "ती निळी गाडी तुमची व्हय?"

"हो."

"मग थांबला का न्हाईसा? थांबला असता तर आमी काय खाल्लं असतं व्हय तुमास्नी?"

तिनं चातीला एक पीळ दिला. "कोकरं मरत्यातच बाई. कवा लांडगं नेतंय, कवा यष्टीखाली येतंय. यष्टीवाला बी थांबतो, दोन शिव्या घालतो अन् जातो. शिव्या तरी घालतो की." मी पदराच्या गाठीतली नोट सोडून तिला दिली. तिनं ती न बघताच कनवटीला लावली आणि म्हणाली, "बसा वाईच. लांबनं आलायसा." मी बसले नाही. कोकरू कुठं पुरलं तेही विचारलं नाही. येताना एसटीत माझ्या मनात सगळं जुळवून तयार होतं, घरी गेल्याबरोबर सांगायचं: कोकरू होतं, मी भेटून आले, मिटलं. घरी आले तर हे ट्रान्झिस्टर लावून बसले होते. दगड का म्हणालीस असं ते विचारतील, मग पाखरांचं सांगावं लागेल. उद्या सांगू म्हटलं. उद्या म्हटलं की त्या गोष्टीत आणखी एक दिवस मिसळतो, आणि मग ती गोष्ट सांगताना तो दिवससुद्धा सांगावा लागतो.

त्यानंतर गाडी महिनाभर चालली. मी "मोकळं" म्हणाले तरी ते मान पूर्ण डावीकडे वळवून बघायचे. तेवढ्यात समोरचं नळीतून निसटायचं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. एकदा कंबर तलावाजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "रस्ता मोकळा आहे हो." ते म्हणाले, "असेल." घरी आल्यावर गाडी शेडमध्ये लावली आणि लोकांना सांगितलं, पेट्रोलचे भाव बघता परवडत नाही. लोकांना ते पटलं. पेट्रोल दुपटीनं महागलं होतं. पुढे सिद्रामप्पाच्या ध्यानात आलं, मग सगळ्यांच्याच. कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली. माझ्या एका शब्दानं मी जे वाचवायला गेले होते ते वर्षभरात तसंही संपलं. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यापर्यंत नळीही मिटली.

आंधळा माणूस चाचपतोच, असं रंभा माहेरी आली की म्हणायची. ती लेक, तिला वाटलं ते बोलली. पण मी बघत होते. सासूबाईंना स्वतःला मोतीबिंदू, तरी त्या म्हणायच्या, "हितं पायरी हाय रं," आणि हे बिनदिक्कत पाऊल खाली टाकायचे. रंभा म्हणायची, बाबा, चहा डावीकडे आहे, आणि हात नेमका कपावर जायचा. मी म्हणाले की हात आधी सबंध टेबलावरून फिरायचा. मी म्हणाले ऊन उतरलं, तर ते ओसरीच्या कडेला जाऊन तळहात बाहेर धरून बघायचे. कधी रागानं बोलले नाहीत. उलट माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ बोलायचे, आजारी माणसाशी बोलावं तसं. मी समोर बसून मूग निवडायचे आणि मला वाटायचं, ह्यांच्या लेखी मी आता आवाज तेवढी उरले आहे, आणि तो आवाज खोटा आहे. दुपारी कधी ते शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचे. मी एकदा दार उघडून माझ्या जागी बसले. त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. पुन्हा मी गेले नाही.

एकोणऐंशीची संक्रांत. गड्ड्याच्या यात्रेला निघालेल्या माणसांचे आवाज रस्त्यावरून येत होते, नंदीध्वजाच्या उंच काठ्यांची मिरवणूक पुढे गेली होती. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. मी वाटीत तिळगूळ आणला आणि एक वडी ह्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चाचपली आणि वाटी शोधून परत ठेवली. गेली तीन-चार वर्षं ते गोड खात नव्हते, दातांना सोसत नाही म्हणायचे, आणि मीही ते धरून चालले होते. त्या दिवशी म्हटलं, "एवढीशी तर आहे. दात पडून गेले दोन, आता काय सोसायचं नाही?"

"सोडलंय मी गोड," ते म्हणाले.

आमच्याकडे हातून काही घडलं की माणसं एखादी खाण्याची वस्तू सोडतात. सासऱ्यांनी भावाच्या भांडणानंतर हुरडा सोडला होता. सोडणारा कशासाठी ते सांगत नाही, कुणी विचारतही नाही. मी विचारलं.

"त्या पोरासाठी," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"होटगीच्या."

चार वर्षं. चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर जेवला, निजला, माझ्याशी मऊ बोलला, आणि त्याच्या आत एक मेलेलं मूल होतं. मी बोलायला लागले. सगळं सांगितलं, तलाव, करकोचे, मागची काच, पांढरं कोकरू. पाखरांचंसुद्धा सांगितलं, त्याची आता लाज वाटली नाही. मी एसटीनं जाऊन आले ते सांगितलं, बाभूळ, चाती, केराबाई काय बोलली ते शब्दाला शब्द. माझा आवाज कापत होता, आणि कापणारा आवाज ह्यांना कसा ऐकू येत असेल ते मला कळत होतं, तरी तो थांबेना. रंभाची शपथ घेतली. "तिला कशाला मध्ये आणतेस," ते म्हणाले. त्यांनी अधे-मधे एकदाही टोकलं नाही. तोंड माझ्याकडेच होतं, पण जरासं बाजूला, माझ्या कानाच्या पलीकडे.

मग त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट शोधलं आणि हळूच थोपटलं. "तू जाऊन आलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "माझ्यानं झालं नाही ते."

"कोकरू होतं हो."

"हं." थोपटणं चालूच होतं. "नाव विचारलंस का?"

"केराबाई."

"त्याच्या आईचं नाही," ते म्हणाले.